लेकीची पहिली रायफल आणि न घेतलेला स्कोप

मंगरूळपीरला हयात कलंदर बाबांच्या उरुसाला आम्ही शेलूबाजारहून दरवर्षी जातो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी लेक तेव्हा बारा वर्षांची होती. फुगे फोडायच्या पालासमोर ती अडून बसली. दहा छर्ऱ्यांचे पैसे दिले. पहिले तीन छर्रे वाया गेले. चौथ्यापासून मात्र एकही फुगा वाचला नाही.

पालवाला हसत म्हणाला, "भाऊ, पोरीनं माझ्या बंदुकीचं दुखणं ओळखलं."

मी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "तीनही वेळा डावीकडे गेलं ना अब्बा, मग मी उजवीकडे धरलं."

मी शाळामास्तर. चाळीस पोरांना गणित शिकवतो. चूक झाली की पोरं एकतर रडतात नाहीतर पाटी पुसतात. चूक मोजून ठेवणारं पोर क्वचित भेटतं. त्या दिवशी मला लेकीचा अभिमान वाटला आणि मी तो मनातच ठेवला, कारण पुढे काय मागणी येणार याचा थोडा अंदाज आला होता.

ती आलीच. मोबाइलवर तिनं परदेशातले व्हिडिओ पाहिले. माळरानावर पालथा पडलेला माणूस, लांब नळीची रायफल, तिच्यावर हातभर दुर्बीण, आणि एक किलोमीटरवरच्या पत्र्यावर गोळी लागल्याचा 'टण्ण' आवाज. लेकीनं वहीच्या पहिल्याच पानावर स्कोपचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, '६-२४ × ५०'. म्हणजे सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारा, पुढची काच पन्नास मिलिमीटरची.

"अब्बा, मला लांब पल्ल्याची रायफल पाहिजे. स्कोपवाली."

बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. ती म्हणाली, "खेल है, ये तुमको मालूम, मेरे को मालूम. दरवाज़े पे बंदूक का पार्सल आया तो गली को क्या मालूम?"

ह्या वाक्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मी बाजूला ठेवलं आणि आधी सोप्या प्रश्नांकडे गेलो. कायदा काय म्हणतो, लांब पल्ला म्हणजे किती, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात पहिली रायफल कोणती द्यावी? ज्या आईबापांपुढे हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी, मला जे कळलं ते इथे लिहितो.

आधी कायदा. गोळी दारूच्या स्फोटानं सुटत असेल, मग ती लहानशी .२२ का असेना, तर ते अग्निशस्त्र. त्याला परवाना लागतो आणि स्वतःच्या नावावर परवाना मिळायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. लहान मुलांना सराव करायचा तर मान्यताप्राप्त क्लबमार्फत, देखरेखीखाली. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलीचं वेगळं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरची, म्हणजे .१७७ ची असेल आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगानं सोडते. गणित केलं तर साडेसात-आठ ज्यूल येतात. मर्यादेच्या निम्म्याहून कमी.

म्हणजे एक किलोमीटरचं स्वप्न शेलूबाजारात बसून पुरं होण्यासारखं नव्हतं. घरी करता येईल असा पल्ला एकच, दहा मीटर. हे सांगितल्यावर लेकीचा चेहरा उतरला. "दहा मीटर? एवढं तर आपलं अंगण आहे."

मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. दहा मीटर एअर रायफलचं टार्गेट केवढं असतं? सगळं मिळून साडेपंचेचाळीस मिलिमीटर. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. बॉलपेन कागदावर नुसतं टेकवलं तर उठतो तेवढा. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा आहे, त्यामुळे त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. पण आता दशांशात गुण मोजतात. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, साठ गोळ्यांना ६५४. आणि १०.९ साठी छर्ऱ्याचा मध्य जवळजवळ ठिपक्याच्या मध्यावरच लागतो. मी तिला त्रैराशिक घालून दिलं. दहा मीटरवर अर्धा मिलिमीटर, तर एक किलोमीटरवर किती? तिनं उत्तर काढलं, पाच सेंटिमीटर. व्हिडिओतल्या माणसाचा पत्रा त्याच्या कितीतरी पट मोठा होता.

"मग हेच लांब आहे की," ती म्हणाली.

आता स्कोप. शेजारच्या पाटलांच्या पुतण्यानं शेतातली वानरं हाकलायला स्प्रिंगची एअर रायफल आणली होती, वर स्कोप बसवलेला. ती मी दोन दिवसांसाठी मागून आणली. लेक खूष. डोळा लावला आणि म्हणाली, "अब्बा, सगळं धुरकट दिसतं."

त्याचं कारण असं. पुष्कळ साधे स्कोप शंभर यार्डावर, म्हणजे नव्वद मीटरच्या आसपास स्वच्छ दिसावं अशा बेतानं जुळवलेले असतात. दहा मीटरवर चित्र फिकं पडतं. शिवाय डोळा जरा इकडेतिकडे सरकला की आतली फुली टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसते. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. जवळच्या अंतरासाठी वेगळा स्कोप घ्यावा लागतो, ज्याच्यावर अंतर जुळवायचं कडं असतं आणि ते दहा मीटरपर्यंत खाली येतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दुहेरी असतो. स्प्रिंग सुटताना रायफल मागे येते आणि दट्ट्या टोकाला आदळला की पुढे झेपावते. बंदुकीच्या गोळीचा धक्का फक्त मागे असतो, म्हणून साध्या स्कोपच्या भिंगांची बैठक तेवढाच सोसेल अशी असते. पुढचा धक्का तिला मानवत नाही. साठ-सत्तर छर्रे झाल्यावर आमचे छर्रे एकाएकी दोन बोटं वर लागायला लागले. लेकीला वाटलं तिचं चुकतंय. तिचं चुकत नव्हतं. स्कोप आपल्या जागेवरून हलला होता. शिकणाऱ्या पोराच्या हातात खोटं सांगणारं हत्यार दिलं तर पोर स्वतःलाच दोष देत बसतं. उरुसातली बंदूक तरी बरी, ती रोज एकाच बाजूला मारत होती.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. ऑलिंपिकच्या नियमांच्या रायफल स्पर्धेत रायफलीवर भिंगाचा स्कोप चालतच नाही. ५० मीटरवरही नाही. नेमबाज पायांवर उभी केलेली दुर्बीण शेजारी ठेवून आपली गोळी कुठे लागली ते पाहू शकतो, पण नेम धरायचा तो उघड्या डोळ्यानं, पीप साइटमधून. मागे एक बारीक भोक, पुढे एक कडं, आणि त्या कड्याच्या बरोबर मध्ये टार्गेटचा काळा गोळा. बारीक भोकातून पाहिलं की जवळचं कडं आणि दूरचं टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात. आणि वर्तुळात वर्तुळ बसवायचं काम आपला डोळा आपोआप करतो, त्याला शिकवावं लागत नाही. चोवीस पटीचा स्कोप मात्र टार्गेटसोबत आपल्या हाताची थरथरही चोवीस पट दाखवतो. नवखं पोर घाबरतं आणि फुली ठिपक्यावर आली रे आली की घोडा खेचतं. तो झटका पुढे जाता जात नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. वडील शिक्षक. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, तीन तऱ्हांनी त्यानं नेम मारले, आणि रायफलीवर स्कोप नव्हता. त्याच्या आधी कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. लेकीनं दोघांचे फोटो मोठे करून रायफलीवर स्कोप शोधला. सापडला नाही. त्यानंतर स्कोपचा विषय तिनं स्वतःहून काढला नाही.

मग रायफल कोणती? इथे माझ्यातला बाप आणि माझ्यातला हिशेबनीस यांचं भांडण झालं. जर्मन बनावटीच्या वाल्थर किंवा फाइनवेर्कबाऊच्या मॅच रायफली पाहिल्या. किमती दोन-अडीच लाखांपासून पुढे. त्या साली सोयाबीननं काय भाव दिला ते शेतकऱ्याला सांगायला नको. देशी बनावटीच्या, सिलिंडरमध्ये आधीच हवा भरून ठेवणाऱ्या पीसीपी रायफली त्याहून बऱ्याच स्वस्त, पण त्यांना हवा भरायचा पंप किंवा टाकी वेगळी. आणि देशी स्प्रिंगची साधी रायफल दहा हजारांच्या आसपास.

काही घेण्याआधी मी लेकीला नागपूरला एका क्लबमध्ये घेऊन गेलो. शेलूबाजारला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज झाल्यापासून नागपूर जवळ आलं म्हणतात. ते चारचाकीवाल्यांसाठी. दुचाकीला तिथे मज्जाव आहे आणि आमच्याकडे दुचाकीच आहे. एका ओळखीच्याच्या गाडीत दोन जागा मिळाल्या.

तिथल्या कोचनी लेकीला आधी रायफल दिलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पंधरा मिनिटं नुसतं उभं केलं. मग एक रायफल खांद्याला लावून दिली आणि मला म्हणाल्या, "सर, नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, म्हणून साडेपाच किलोची घेऊ नका. हिचं वजन बेचाळीस किलो आहे. हिच्या पाठीचा विचार करा. दस्ता लांब झाला तर ही मागे वाकेल, गालाची फळी खाली असली तर मान वाकवेल. वर्षभरात सवय लागेल आणि ती मोडायला तीन वर्षं जातील."

खर्चाचा क्रमही त्यांनीच सांगितला. मी तो तसाच उतरवून घेतला. आधी महिन्यातून एकदा का होईना, शिकवणाऱ्यासमोर उभं राहणं. मग चपट्या डोक्याचे चांगले छर्रे. ते कागदात पंचानं पाडल्यासारखं गोल भोक पाडतात आणि गुण वाचता येतात. एकाच जातीचे घ्यायचे, दर वेळी बदलायचे नाहीत. मग रायफल. मग जॅकेट. भारी रायफल सगळ्यात शेवटी, पोरगी तिला मागे टाकेल तेव्हा. डब्यावर मोठ्या आकड्यात वेग छापलेला असतो त्याला भुलू नका, असंही बजावलं. छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला की हवेत डळमळतो, आणि दहा मीटरवर वेगाचं काहीच काम नसतं.

आणि एक मोलाची माहिती मिळाली. आपल्याकडे शालेय स्पर्धांत एअर रायफलचे दोन प्रकार असतात, पीप साइट आणि ओपन साइट. ओपन साइट म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच, आपल्या आजोबांच्या बंदुकीला असायची तशी. म्हणजे साध्या रायफलीवर शिकणाऱ्या पोरालाही स्पर्धेचं दार उघडं आहे. दहा हजारांची रायफल घेऊन आपण काही खेळाच्या बाहेर राहत नाही.

जॅकेटचं ऐकून माझ्या आईला मात्र समाधान वाटलं. जाड कॅनव्हासचं, गळ्यापासून मनगटापर्यंत. ती म्हणाली, "ये अच्छा खेल है. पूरा बदन ढका रहता." आमच्या घरात ह्या खेळाला मिळालेली पहिली मंजुरी ती.

अब्बांकडे एक छर्ऱ्याची बंदूक होती. मी दहा वर्षांचा असताना त्यांना न विचारता मी ती काढली आणि लिंबावरच्या होल्याला मारली. होला मेला नाही. पंख मोडून अंगणात गोल गोल फिरत राहिला. अब्बांनी मला मारलं नाही. त्यांनी त्याला हलाल केलं, पुरलं, आणि बंदूक माळ्यावर टाकली. रात्री एवढंच म्हणाले की, नेमबाजी शिकायला आपल्या नबींनी सांगितलंय आणि जिवंत जिवाला निशाण करायला मनाई केलीय, दोन्ही गोष्टी एकाच तोंडच्या आहेत. पुढे मी हदीस वाचली. सहीह मुस्लिममध्ये दोन्ही आहेत. इब्न उमर रस्त्यानं जाताना काही पोरं पक्षी बांधून त्याच्यावर नेम धरत होती, त्यांना पाहून पांगली, तो किस्सा आहे. आणि उकबा बिन आमिर यांचाही आहे, जे म्हातारपणी धाप लागत असतानाही दोन निशाणांमध्ये येरझारा घालत सराव करत, कारण शिकलेली नेमबाजी सोडून देऊ नये असं त्यांनी ऐकलं होतं.

म्हणून घरात पहिला नियम ठरला. रायफल कागदावरच चालेल. वानर नाही, रोही नाही, पोपट नाही, कुत्रं तर नाहीच. पाटलांच्या पुतण्यालाही मी रायफल परत देताना हे सांगितलं. छर्ऱ्यानं रोही मरत नाही, जखमी होऊन दुसऱ्याच्या शेतात जाऊन सडतो, आणि वन्यजीव कायद्याचा गुन्हा होतो तो वेगळाच.

आता बायकोचा प्रश्न. तो मी बाजूला ठेवला होता, पण तो जागचा हलला नव्हता.

पुतण्याला मी विचारलं होतं, "बिल ठेवलंस का रे?" तो म्हणाला, "कशाचं बिल, सर?" त्याला बिल कुठे गेलं तेही आठवत नव्हतं. त्याच्यावर तशी वेळच आली नव्हती. माझ्याकडे रायफल घ्यायच्या आधीच फाइल तयार होती. नियमाचा उतारा, रायफलीच्या ऊर्जेचा आकडा, लेकीचं शाळेचं ओळखपत्र. बिल आल्यावर त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक घरी, एक शाळेच्या कपाटात, एक भावाकडे अकोल्याला. मला कुणी काही म्हटलेलं नव्हतं. कुणी म्हणेल म्हणून मी तयारी करत होतो. आपल्यापैकी पुष्कळांना ही तयारी कळेल, आणि बाकीच्या वाचकांनी ती ऐकून घ्यावी. आमच्या फाइली अशा जाड का असतात, ते कळेल.

रायफल कुरिअरनं मागवली नाही. नागपूरला जाऊन घेतली आणि येताना ती गाडीच्या डिकीत होती. दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे अर्ज दिला. कायद्यानं त्याची गरज नव्हती. बायको म्हणाली, गरज नसताना कशाला स्वतःहून सांगायला जाता? तिचंही खरं होतं. सगळे बाप असा अर्ज देत नाहीत, मग मीच का द्यावा, हा प्रश्न मला अर्ज लिहिताना तीनदा पडला. तरी दिला. लेकीच्या खेळाची सुरुवात कुजबुजीनं होऊ नये, एवढंच मनात होतं.

चार दिवसांनी एक हवालदार आले. लेकीची आई आत जाऊन बसली. मी त्यांना मागची टिनाची खोली दाखवली. आम्ही तिथे सोयाबीनची पोती ठेवतो. खोली तीस फूट लांब. दहा मीटर म्हणजे बत्तीस फूट दहा इंच, म्हणून लेक दाराबाहेर ओट्यावर उभी राहते. समोर जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर टार्गेट, मागे जुन्या कपड्यांनी ठासून भरलेली लोखंडी पेटी, तिच्यामागे प्लायवूड, मग भिंत. मधल्या जागेत कुणी यायचं नाही म्हणून दोरी. मी नसलो तर रायफल कुलपात. छर्रा शिशाचा असतो म्हणून सराव झाला की साबणानं हात धुवायचे, हेही फळ्यावर लिहिलेलं.

हवालदारांनी सगळं पाहिलं. पेटीवर बोटानं वाजवून पाहिलं. मग लेकीला म्हणाले, "मार बरं एक." तिनं मारला. आठ लागला. ते म्हणाले, "आमची फायरिंग वर्षातून एकदा असते बाई, तू रोज करतेस." चहा घेतला आणि गेले.

एवढंच झालं. मी ज्या गोष्टीची इतकी तयारी केली होती, ती एका कप चहात संपली. त्याचा आनंद झाला. फाइल मात्र मी फेकली नाही.

आता लेक रोज मगरीबच्या आधी अर्धा तास सराव करते. चाळीस छर्रे, जास्त नाहीत. सुरुवातीला ती प्रत्येक दहाला ओरडायची. आता ओरडत नाही. छर्रा सुटला की रायफल लगेच खाली घेत नाही, दोन सेकंद तशीच थांबते, आणि कागद पाहायच्या आधी सांगते, "उजवीकडे, साडेआठ." पुष्कळदा बरोबर असतं. कोचना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे आलं म्हणजे पुढचं येईल."

गेल्या रविवारी तिनं पहिल्यांदा पूर्ण साठ छर्रे वेळ लावून मारले. सहाशेपैकी ४७१. स्पर्धेच्या मानानं हे काहीच नाही, हे तिलाही माहीत आहे. वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय. रायफल तिनं जमवलेल्या ईदीतून आणि माझ्या सोयाबीनमधून झाली, म्हणून तिनं दोघांची नावं दस्त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलीत. वहीच्या पहिल्या पानावर स्कोपचं चित्र अजून आहे. ती ते खोडत नाही, मीही सांगत नाही.